भयपटाचा ट्रेलर: आधी काय लपवायचं ते ठरवा, मग कॅमेरा उचला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाच जणांची टीम आहे, बारा मिनिटांच्या भय-लघुपटाची संहिता तयार आहे, पण अभ्यासक्रमानुसार आधी फक्त ट्रेलर सादर करायचा आहे आणि फिल्म नंतर. हाताशी एक बऱ्यापैकी मोबाईल, एक ट्रायपॉड, दोन रात्री आणि एक रिकामं घर आहे. गोष्टीतली मुलगी त्या घरात एकटी राहायला येते, रोज रात्री आतल्या खोलीचं दार कडी लावून बंद करते आणि रोज सकाळी ते बोटभर उघडं असतं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: फिल्मच नसताना ट्रेलर कशातून कापायचा, भूत दाखवायचं की नाही, आणि अंधारात मोबाईलवरचं चित्र इतकं घाण का दिसतं.

तिन्हींची उत्तरं देते. पण तुमची खरी अडचण या तिन्हींच्या आधीची आहे. तुम्ही पाठवलेल्या शॉटच्या यादीत मुलीचं घरात येणं आहे, शेजारच्या बाईंनी दिलेला इशारा आहे, जुनी वही सापडणं आहे, दार आहे, सावली आहे, किंकाळी आहे आणि शेवटचा उलगडासुद्धा आहे. म्हणजे बारा मिनिटांची गोष्ट दीड मिनिटात सांगायचा प्रयत्न आहे. ट्रेलर हा फिल्मचा सारांश नसतो. ट्रेलर प्रेक्षकाला एक प्रश्न विचारतो आणि उत्तर न देता निघून जातो. हे एकदा मनात पक्कं झालं की बाकीच्या बऱ्याच शंका आपोआप सुटतात, कारण मग शूट करायच्या गोष्टी एकदम कमी होतात.

मी संकलक, म्हणजे फिल्म एडिटर, आहे. विद्यार्थ्यांचं पुष्कळ काम माझ्या टेबलावर येतं आणि भयपटांच्या ट्रेलरमध्ये एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसतं: सगळं आहे, पण एकही गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर पुरेसा वेळ टिकत नाही. भीती तयार व्हायला वेळ लागतो. दीड मिनिटात सात घटना कोंबल्या तर एकीलाही तो वेळ मिळत नाही.

ट्रेलर फिल्ममधल्या बऱ्याच दृश्यांतूनच कापावा लागतो असं नाही, याची दोन उदाहरणं सगळ्यांच्या माहितीची आहेत. हिचकॉकच्या ‘सायको’च्या, म्हणजे 1960 मधल्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक स्वतः सेटवर फिरत सहा मिनिटांहून जास्त वेळ ‘इथे अमुक घडलं’ असं अर्धवट सांगत राहतो. ‘द शायनिंग’चा 1980 मधला एक ट्रेलर तर जवळजवळ एकाच स्थिर शॉटचा आहे: लिफ्टची बंद दारं, पडद्यावर सरकणारी अक्षरं आणि मग रक्ताचा लोंढा. त्यात गोष्टही कळत नाही आणि पात्रंही भेटत नाहीत. तुम्ही यांची नक्कल करू नका. एवढंच बघा की दोन्हीकडे आधी काय दाखवायचं नाही हे ठरलेलं आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बाजूला काढू. ट्रेलरला किमान लांबीची अट आहे का, संवाद असलेच पाहिजेत असं आहे का, गुण कशाला आहेत, हे शिक्षकांना विचारून घ्या. फिल्ममध्ये हीच अभिनेत्री आणि हेच घर असणार असेल तर पुढच्या शूटशी कंटिन्युइटी, म्हणजे कपडे, वस्तू, दिवे सगळीकडे सारखे दिसणं, सांभाळावी लागेल. नसेल तर तुम्ही बरेच मोकळे आहात. अट नसेल तर माझ्या मते बारा मिनिटांच्या फिल्मला साठ ते पंच्याहत्तर सेकंदांचा ट्रेलर पुरे. मोठ्या चित्रपटांचे ट्रेलर साधारण अडीच मिनिटांच्या आत असतात आणि त्यांच्यामागे दोन तासांचा ऐवज असतो.

आता कामाला लागू. एक कागद घ्या आणि वर एकच वाक्य लिहा: ‘दार कोण उघडतं?’ तुमचा ट्रेलर म्हणजे हा प्रश्न. त्याखाली तीन भाग करा. पहिल्यात प्रेक्षकाला नक्की कळायला हवं ते: मुलगी एकटी आहे, ती रोज कडी लावते, दार तरीही उघडतं. दुसऱ्यात त्याला संशय यावा ते: आत कुणीतरी आहे, आणि तिला ते आपल्याआधी कळलंय. तिसऱ्यात कधीही दाखवायचं नाही ते. तुम्ही मला फिल्मचा शेवट सांगितलात, की दार ती स्वतःच झोपेत उघडते. शेवट चांगला आहे, म्हणूनच तो तिसऱ्या भागात जातो आणि त्याच्या आसपासचं सगळंही जातं. तिचे झोपेत चालणारे पाय, तिच्या हातावरची कडीची खूण, वहीतलं ते वाक्य, काहीच नको. भयपट बघणारा प्रेक्षक फार चाणाक्ष असतो, एका शॉटवरून शेवट ओळखतो.

शेजारच्या बाईही काढा. ‘त्या घरात राहू नकोस’ हे वाक्य प्रेक्षकाने इतक्यांदा ऐकलंय की त्याने भीती वाढत नाही, उलट ‘हा कुठला प्रकार आहे ते कळलं’ असं वाटून तो निवांत होतो.

यानंतरची पायरी बहुतेक विद्यार्थी गाळतात आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह तिच्यासाठी आहे. शूटच्या आधी ट्रेलर एडिट करा. त्या घरात जा, मोबाईलवर प्रत्येक शॉटचा एक साधा फोटो काढा, अभिनेत्री नसेल तर मित्राला उभं करा. हे फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावा. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुमच्या कामाला पुरून उरेल. खाली तात्पुरते आवाज टाका: दार, पावलं, श्वास, शांतता. एका दुपारचं काम आहे. हा कच्चा ट्रेलर बघताना तुम्हाला तीन गोष्टी लगेच दिसतील: कुठला शॉट दोनदा तेच सांगतोय, कुठे काय घडलं ते कळतच नाही, आणि कुठल्या शॉटला तुम्ही कागदावर एक सेकंद दिला होता पण त्याला सहा लागतात. दोन रात्रींमध्ये हे कळून उपयोग नाही, ते आधी कळलं पाहिजे.

माझ्या अंदाजाने तुमच्या सत्तर सेकंदांत वीस ते पंचवीस शॉट बसतील, पण ते सारखे वाटलेले नसतील. पहिल्या चाळीस सेकंदांत जेमतेम आठ-दहा शॉट, लांब आणि शांत. नंतरच्या पंधरा सेकंदांत दहा-पंधरा छोटे तुकडे. मग काळा पडदा, दोन सेकंद पूर्ण शांतता, फिल्मचं नाव, आणि त्यानंतर एकच शेवटचा शॉट. हा साचा तुम्ही शेकडो ट्रेलरमध्ये पाहिलाय आणि तो वापरायला हरकत नाही. फक्त एक जपा: वेगवान भागात नवी माहिती देऊ नका. तिथे प्रेक्षकाला नवीन काही समजून घ्यायला वेळ नसतो. आधी दिसलेल्याच वस्तू तिथे वेगळ्या अवस्थेत दिसू देत.

आता भूत. दाखवू नका. भूत दिसणं मला नापसंत आहे म्हणून हे सांगत नाही. तुमच्याकडे जे आहे त्यात भुतापेक्षा भारी गोष्ट आहे, ते बोटभर उघडं दार.

ट्रायपॉड दारासमोर एका जागी लावा. त्याच्या तिन्ही पायांखाली जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, उंची मोजून लिहून ठेवा, फ्रेमचा फोटो काढून ठेवा. त्याच फ्रेममध्ये दार पाच वेळा शूट करा. दिवसा बंद. रात्री बंद. सकाळी बोटभर उघडं. रात्री वीतभर उघडं. आणि शेवटी पूर्ण उघडं, आत फक्त काळोख. ट्रेलरमध्ये ही फ्रेम पुन्हा पुन्हा येऊ द्या. कॅमेरा तसूभरही हललेला नसल्यामुळे प्रेक्षकाचा डोळा आपणहून फरक शोधायला लागतो. तिसऱ्यांदा फ्रेम आली की तो दार बघतच नाही, दार आणि चौकट यांच्यामधली फट बघतो. त्या क्षणी तो घाबरायला स्वतःहून तयार असतो, तुम्हाला त्याला ढकलावं लागत नाही. खुणा अचूक नसतील आणि फ्रेम थोडीशी जरी वेगळी आली तर हा सगळा परिणाम जातो, म्हणून हे काम घाईत करू नका.

त्यातला एक शॉट बराच लांब ठेवा. रात्री, दार बंद, मुलगी फ्रेमच्या एका कोपऱ्यात पाठमोरी काहीतरी साधं करतेय, कपड्यांच्या घड्या घालतेय समजा. दार उरलेल्या मोकळ्या जागेत मागे दिसतंय. आठ सेकंद काहीही घडू देऊ नका. खरंच काहीही नको. त्या आठ सेकंदांत प्रेक्षक दाराकडे बघणार, कारण तुम्ही त्याला दुसरं बघायला काही दिलेलं नाही.

एवढं करूनही काही दिसायलाच हवं असं टीमला वाटत असेल तर एक युक्ती आहे. एखाद्याला खोलीत उलटं चालायला लावा, म्हणजे पाठीच्या दिशेने, आणि एडिटमध्ये तो शॉट उलटा चालवा. माणूस पुढे येताना दिसतो पण वजन टाकण्याची पद्धत, कपड्यांची सळसळ, मानेचा तोल, सगळं किंचित चुकलेलं असतं. तो फोकसबाहेर ठेवा, एक सेकंदाहून जास्त नको आणि चेहरा अजिबात नको. मेकअपचे लाल डोळे आणि पांढरी पावडर मोबाईलच्या चित्रात फार लवकर उघडी पडतात.

भीती शेवटी चेहऱ्यावरून प्रेक्षकापर्यंत पोचते, म्हणून अभिनेत्रीबद्दल दोन शब्द. तिला ‘घाबर’ असं सांगू नका. तसं सांगितलं की माणूस डोळे मोठे करतो, तोंड उघडतो आणि थांबतो. तिला काम द्या. ‘दारापलीकडे कुणी श्वास घेतंय का ते ऐक, आणि नीट ऐकू यावं म्हणून तुझा श्वास रोखून धर.’ आता ती ऐकतेय, अभिनय करत नाहीये. टीममधल्या कुणाला तरी खरंच दारामागे उभं करा आणि मध्येच हळूच कडी हलवायला सांगा. ‘काहीतरी होणार आहे’ हे तिला आधी सांगितलेलं असलं पाहिजे, फक्त नेमकं कधी ते नको. कल्पना न देता दचकवणं हा विश्वासघात आहे आणि त्यानंतर ती रात्रभर मोकळी होणार नाही.

आणखी एक. ट्रेलरला दोन सेकंदांचा तुकडा हवा म्हणून दोन सेकंदांचाच शूट करू नका. तसे तुकडे मेलेले दिसतात, कारण नट नुकताच ‘ॲक्शन’ ऐकून सुरू झालेला असतो. ती वळून बघते एवढाच शॉट असला तरी ती पलंगावर बसलेली, आवाज ऐकते, थांबते, वळते, बघत राहते, इथपर्यंत पूर्ण होऊ द्या. मधला उत्तम भाग मी कापून घेईन, म्हणजे तुमचा संकलक घेईल. आधी आणि नंतर पाच-पाच सेकंद मोकळे सोडा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, अंधार. मोबाईलचा सेन्सर लहान असतो. उजेड कमी पडला की फोन स्वतःहून आयएसओ वाढवतो, म्हणजे अशक्त सिग्नल फुगवून दाखवतो, आणि त्याबरोबर दाणेदार नॉइजही फुगतो. वरून फोनला प्रत्येक चित्र नीट उजळ दिसावं असं शिकवलेलं असतं, त्यामुळे तुमचा काळोख तो करडा करून टाकतो. अंधारात अंधार शूट करायचा नसतो. उजेड भरपूर घ्यायचा, पण तो थोड्याच जागेवर पाडायचा आणि बाकीची फ्रेम खरोखर काळी ठेवायची. प्रेक्षकाला अंधार जाणवतो तो शेजारी उजेड असतो म्हणून.

करायचं काय तर, खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि एकच दिवा ठेवा. तो कुठून येतोय याला गोष्टीत कारण असू द्या: टेबललॅम्प, अर्धवट उघड्या दारातून येणारा बाहेरचा उजेड, तिच्या हातातला टॉर्च. दिवा कॅमेऱ्याला लागून, चेहऱ्याच्या समोर लावू नका, त्याने चेहरा सपाट होतो. तो मुलीच्या बाजूने किंवा थोडा मागून येऊ द्या, म्हणजे अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा आपण कल्पनेने भरतो. उजेड कमी वाटला तर दुसरा दिवा आणण्याआधी आहे तो जवळ घ्या. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की साधारण चौपट उजेड पडतो, आणि मागची भिंत त्या मानाने काळी पडते हा दुसरा फायदा. मुलीला भिंतीपासून शक्य तेवढं लांब उभं करा. भिंती पांढऱ्या असतील तर त्या सगळीकडे उजेड परतवतात, त्यामुळे फ्रेमबाहेरच्या बाजूला काळी चादर टांगा. एका काळ्या चादरीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या दिव्याने पडत नाही.

टॉर्चचा थेट झोत चेहऱ्यावर मारू नका. तो पांढऱ्या कागदावर किंवा भिंतीवर मारून परत येणारा उजेड चेहऱ्यावर घ्या. पात्राच्या हातात टॉर्च असेल तर समोरच्या भिंतीवर, फ्रेमबाहेर, पांढरा कागद चिकटवून ठेवा. ती टॉर्च फिरवेल तसा तिचा चेहरा उजळत-विझत राहील आणि ते पूर्णपणे खरं दिसेल.

फोनच्या सेटिंगचं भराभर सांगते. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर शॉटच्या मध्येच चित्र उजळतं किंवा फोकस चाचपडत राहतो. फोनची मुख्य लेन्स वापरा, अल्ट्रावाइड आणि टेलिफोटो लेन्स अंधारात बहुधा कमी उजेड घेतात. डिजिटल झूम नको. सेकंदाला 24 किंवा 25 फ्रेम ठेवा. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, हाताने ठरवता येत असेल तर वीज 50 हर्ट्झची असलेल्या भागात 1/50 सेकंद ठेवा, 60 हर्ट्झच्या भागात 1/60, म्हणजे दिव्याची फडफड चित्रात उतरायची शक्यता कमी. स्वस्त एलईडी दिवे तरीही फडफडतात, म्हणून जो दिवा वापरणार त्याची आधी चाचणी घ्या आणि ती मोठ्या पडद्यावर बघा. फोनच्या पडद्याचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून अंधार तपासू नका, फसाल. काळोख आणखी हवा असेल तर तो एडिटमध्ये गडद करा. उजळ चित्र गडद करता येतं, पण गडद चित्र उजळलं की सगळा नॉइज वर येतो.

घराबाहेरचा किंवा खिडकीचा शॉट मध्यरात्री घेऊ नका. सूर्य मावळल्यानंतर थोडाच वेळ आकाश गडद निळं असतं. त्या वेळात आत पिवळा दिवा लावून खिडकी शूट केलीत तर ती उत्तम रात्र दिसते आणि खिडकीबाहेरच्या झाडांचे आकारही कळतात. तो वेळ पटकन निघून जातो, म्हणून फ्रेम आधीच लावून वाट बघत बसा. दोन संध्याकाळी मिळताहेत, म्हणजे ही संधी दोनदा आहे.

आणि आता आवाज, ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. भयपटात चित्रापेक्षा आवाजाचं काम जास्त असतं असं मी अगदी ठामपणे म्हणेन. कुठलाही भीतिदायक शॉट आवाज बंद करून बघा, निम्मी भीती तिथेच संपते. उलट काळ्या पडद्यावर नुसती कडी सरकल्याचा आवाज ऐकवा, माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो.

तुमच्या गोष्टीचा आवाज कडी आहे. तिला पात्र समजा. शूटच्या दिवशी, सगळे शॉट झाल्यावर, पंखा-फ्रिज बंद करून शांततेत कडीचे वेगवेगळे आवाज रेकॉर्ड करा. दुसरा फोन अगदी जवळ धरा. हळू लावलेली, झटकन लावलेली, अर्धवट अडकलेली, काढताना मध्येच थांबलेली, शेजारच्या खोलीतून ऐकू येणारी. बिजागरीची करकर वेगवेगळ्या वेगाने. दारावर नख ओढल्याचा आवाज. अभिनेत्रीचा श्वास, ती घरी जाण्याआधीच: शांत, रोखलेला, सुटलेला, आणि तोंडावर हात ठेवून घेतलेला. शेवटी सगळ्यांनी गप्प उभं राहून प्रत्येक खोलीचा नुसता रूम टोन, म्हणजे कुणी बोलत-हलत नसतानाचा तिथला आवाज, किमान अर्धा मिनिट घ्या. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिटमध्ये दोन कटच्या मधली पोकळी भरायला तीच लागते. ती नसेल तर आवाज मध्येच ‘मेल्यासारखा’ तुटतो आणि प्रेक्षकाला कारण न कळता खटकतं.

हे आवाज कसे वापरायचे? ट्रेलरच्या सुरुवातीला कडी लावल्याचा आवाज साधा, रोजचा ऐकवा. दुसऱ्यांदा आवाज चित्राच्या आधी येऊ द्या: मुलगी ब्रश करतेय आणि तिच्या शॉटवरच कडी ऐकू येते, चित्र नंतर कापलं जातं. वेगवान भागात कडीचाच आवाज तालासारखा वापरा, प्रत्येक कटवर एक. आणि नावानंतरच्या शेवटच्या शॉटमध्ये दार दाखवूच नका. मुलीचा झोपलेला चेहरा, आणि कडी निघाल्याचा आवाज. बास. ती डोळे उघडते की नाही हे ठरवायच्या आत काळा पडदा.

जंप स्केअर, म्हणजे प्रेक्षकाला एकदम दचकवणारा धक्का, एकच ठेवा. अचानक मोठा आवाज काम करतो तो आधीच्या शांततेमुळे, म्हणून त्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद संगीत, रूम टोन, सगळं हळूहळू काढून घ्या. सबंध ट्रेलर मोठ्याने वाजत असेल तर धक्क्यासाठी वर जायला जागाच उरत नाही. खोल घुमणारा आवाज बऱ्याच जणांना आवडतो, पण तुमचा ट्रेलर लोक फोनवर बघणार आणि फोनच्या स्पीकरमधून फार खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. त्या घुमण्यावर मधल्या पट्टीतला एखादा आवाज चढवा, लाकूड ताणल्याचा किंवा धातू घासल्याचा. अंतिम आवाज हेडफोनवर, लॅपटॉपवर आणि फोनवर, तिन्हीकडे ऐकून ठरवा.

संगीत इंटरनेटवरून उचलू नका. मुक्त परवान्याचं घेतलंत तर परवान्याच्या अटी वाचा, श्रेय द्यायचं असेल तर द्या आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. खरं सांगायचं तर तुमच्या या ट्रेलरला संगीताची फारशी गरज नाही.

दोन रात्रींची आखणी मी अशी करेन. पहिल्या रात्रीच्या आधी एकदा शूटच्याच वेळी घरात जाऊन रेकी, म्हणजे जागेची पाहणी, करा, दिवसाची रेकी रात्री उपयोगी पडत नाही. शेजारी कधी टीव्ही लावतात, रस्त्यावर कुत्री कधी भुंकतात, बाहेरचा दिवा कुठून आत येतो, हे त्या वेळीच कळतं. पहिल्या संध्याकाळी खिडकीचा शॉट, मग दाराची स्थिर फ्रेम आणि खोलीचे मोठे शॉट. दुसऱ्या संध्याकाळी राहिलेला खिडकीचा शॉट, मग लगेच अभिनेत्रीचे क्लोजअप, ती ताजी असतानाच. तिची गरज नसलेले इन्सर्ट, म्हणजे कडी, फट, टॉर्च, रिकामा जिना, सगळ्यात शेवटी. त्या वेळी ती घरी जाऊन झोपू शकते. दाराची दिवसाची फ्रेम दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, खुणा तशाच असतील.

पाच जणांत कामं वाटून घ्या आणि ती बदलू नका: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, अभिनय. पाचव्याकडे शॉटची यादी, कंटिन्युइटीचे फोटो आणि सुरक्षितता. हे पाचवं काम दुय्यम नाही. घरमालकाची परवानगी लेखी घ्या. किंकाळी शूट करणार असाल तर शेजाऱ्यांना वेळेसह आधी सांगा. मेणबत्ती, उघडी ज्योत, खरा चाकू, गच्चीचा कठडा, यातलं काहीही नको. वायर चालण्याच्या वाटेवर असेल तर जमिनीला चिकटवा, अंधारात सगळे तिथेच अडखळतात. रात्री काम संपल्यावर कोण कुणाला घरी सोडणार हे संध्याकाळीच ठरलेलं असू द्या.

शूट झाल्या रात्रीच सगळं फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा आणि त्यानंतरच फोन रिकामा करा.

एडिटला बसताना तुमचा फोटोंचा कच्चा ट्रेलर उघडा आणि एकेक फोटो काढून त्या जागी खरा शॉट ठेवत जा. मजकुराच्या पाट्या दोनच ठेवा, तीन-चार शब्दांच्या. ‘ती रोज कडी लावते.’ नंतर कधीतरी ‘ती एकटी राहते.’ कुठल्याही पाटीत ‘भयानक’, ‘थरारक’ असे शब्द नकोत. पहिला कट झाला की तो गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना दाखवा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. ते फोनकडे कधी बघतात, अंग कधी आवळतात, हे लिहून ठेवा. नंतर त्यांना ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘दार कोण उघडतं असं तुम्हाला वाटलं?’ असं विचारा. सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं तर कुठला तरी शॉट शेवट फोडतोय, तो शोधून काढा. कुणालाच दाराबद्दल बोलावंसं वाटलं नाही तर दाराची फ्रेम कमी वेळा किंवा कमी वेळ येतेय.

फाईल सादर करताना मजकुराच्या पाट्या नसलेली एक प्रतही एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि कडीचे सगळे आवाज नावं देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. फिल्म शूट कराल तेव्हा ते घर मिळेल न मिळेल, पण दाराचा आवाज तोच लागेल.